न वाजणारा डबा

डबा कानाशी धरून एकदा हलवला, की आत काय आहे ते मला कळत असे. बढाई मारत नाही. बडनेऱ्याच्या रस्त्यावरच्या आमच्या वस्तीत अजून दोन-तीन म्हाताऱ्या शिल्लक आहेत, त्यांना विचारा. मुरमुरे असले की आत कुणी कुजबुजतंय असं वाटायचं. फुटाणे खडखड करून मोकळे व्हायचे. शेंगदाणे कच्चे की भाजलेले हेसुद्धा मी सांगायची, कारण भाजलेल्यांची सालं सुटून सळसळतात. काकडीच्या फोडी थबकन एका बाजूला जायच्या. आणि जाम, म्हणजे पुण्याकडचे लोक ज्याला पेरू म्हणतात तो, अख्खा असला तर गडगडायचा आणि चिरलेला असला तर गप्प पडून राहायचा, पण झाकणाच्या फटीतून त्याचा वासच चुगली करायचा. भुलाबाईच्या महिन्यात आम्ही पोरी रोज संध्याकाळी घरोघर गाणी म्हणत फिरायचो. गाणी झाली की त्या घरची बाई झाकलेल्या डब्यातून खिरापत आणायची आणि ती न उघडता ओळखायची असे. गोड का तिखट, ओलं का कोरडं, एवढंच विचारायची मुभा. ओळखलं तर पोरी जिंकल्या, नाही तर सगळ्यांनी ‘हरलो’ म्हणायचं आणि मग वाटप. आमच्या टोळीला दोन वर्षं कुणी हरवलं नव्हतं, ते माझ्या कानांमुळे. आता त्याच कानांत यंत्र बसवावं लागतं, तो भाग वेगळा.

आमचा मळा तेव्हा अमरावतीच्या बाहेर होता. आता शहरच चालत चालत आमच्यापर्यंत आलंय आणि विहिरीच्या जागी मोटारसायकलींचं दुकान आहे. परवा रिक्षातून जाताना मी बोट दाखवून रिक्षावाल्याला म्हटलं, इथं आम्ही पोहायचो, तर त्यानं आरशातून माझ्याकडं काळजीनं पाहिलं. तिथं आमचं तीन खोल्यांचं टिनाचं घर होतं. पुढं शेणानं सारवलेलं अंगण, अंगणाच्या टोकाला दगडी हौद आणि हौदापलीकडं सगळं हिरवं: मेथी, पालक, वांगी, आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. दसऱ्याच्या आधी झेंडूचा पट्टा असा काही पेटायचा की दुपारी डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत पिवळं दिसत राहायचं. सकाळ विहिरीवरच्या इंजिनाच्या थुकथुकीनं उजाडायची. मग पाटातल्या पाण्याचा आवाज, मग बाबांचं खोकणं, मग मायच्या बांगड्या. माय हौदावर मेथीच्या जुड्या धुऊन टोपलीत रचायची आणि दादा ती टोपली सायकलला बांधून इतवाऱ्याच्या बाजारात न्यायचा. भाकरी, पातळ पिठलं, मिरचीचा ठेचा आणि दुरडीतून गळून पडलेला एखादा मुळा, असं आमचं न्याहारीचं ताट. तसं ताट मी पुढं पुष्कळ शोधलं, पण मला परत मिळालं नाही.

दादाचं नाव सुधाकर. तो माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. आम्ही दोघंच भावंडं. बाजारात तो मला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचा, तेव्हा लोक ‘पोरगी का गा तुही?’ असं विचारायचे आणि दादा लाजेनं लाल व्हायचा. मला त्याची फार मजा वाटायची. आमच्या दोघांत एवढं अंतर का, हे मी कधी विचारलं नाही. विहीर जिथं होती तिथं होती, तसं ते अंतर होतं.

वहिनी अकोल्याची, जुन्या शहरातली, मोर्णा नदीपलीकडच्या एका अरुंद गल्लीतली. तिच्या माहेरी हार करून विकायचा धंदा. तिची बोटं सुईशिवाय राहायचीच नाहीत. बोलता बोलता ती पदराचा धागा काढायची आणि त्यात शेवंतीची पाकळी ओवून माझ्या वेणीला बांधून टाकायची. नाव सुलोचना, पण सगळे सुलू म्हणायचे. ती आली तेव्हा मी नऊ-दहा वर्षांची असेन. लग्नाच्या भांड्यांत तिच्यासोबत एक पितळी डबा आला होता. गोल, कडीचा, झाकण इतकं घट्ट की दादालाही दोन्ही गुडघ्यांत धरून उघडावं लागायचं. त्या डब्यासारखीच तीही घट्ट आहे, असं बाबा पहिल्या वर्षी म्हणाले होते, कारण ती फारशी बोलायची नाही. पण गायची. चुलीपुढं, हौदावर, पट्ट्यात खुरपताना, गुणगुण चालू. तिची चाल लागली की वांग्याची रोपंसुद्धा थोडी वाकून ऐकतात असं मला वाटायचं. आमच्याकडं भुलाबाईची गाणी आधीही होती, पण ती म्हणायची कशी हे आम्हाला वहिनीनं शिकवलं.

ज्यांना भुलाबाई माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. भादव्याच्या पुनवेला कुंभाराकडून मातीचे भुलोजी आणि भुलाबाई आणायचे. तिच्या मांडीवर एक इवलंसं बाळ असतं. ती महिनाभर माहेरपणाला येते आणि कोजागिरीला परत जाते. शेवटच्या दिवशी ज्वारीच्या पाच धांड्यांची, म्हणजे ताटांची, खोपडी करून तिच्यावर धरायची. रोज संध्याकाळी टाळ्या वाजवत गाणी. आता लक्षात येतं की त्यांतली निम्मी गाणी सासरच्या जाचाची आणि निम्मी डोहाळ्यांची. आठ-दहा वर्षांच्या पोरी बेंबीच्या देठापासून ओरडून गरोदरपणाचं वर्णन करायच्या आणि कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. जे घरात बोलायचं नाही ते अंगणात गाऊन चालायचं. आमच्या वस्तीचं एक लाडकं गाणं होतं. एकीनं विचारायचं, ‘पयल्या महिन्याले काय गं हवं?’ आणि सगळ्यांनी उत्तर द्यायचं, कोवळी काकडी. दुसऱ्या महिन्याला चिंचेचा कोळ. तिसऱ्याला गरम कढी. चौथ्याला माहेरची गाडी. असं करत करत नवव्या महिन्याला पाळण्याची दोरी, आणि तिथं टाळ्या जोरात. त्या गाण्यात एक जागा मोकळी असायची, तिथं ज्या घरी म्हणतोय त्या घरच्या सुनेचं नाव घालायचं. ती जागा भरायचं काम माझं, कारण माझं नाव शांता असलं तरी आवाज सगळ्यांत मोठा होता.

वहिनीला दिवस गेले की घरात काय बदलायचं ते मला वासावरून कळायचं. चुलीवर फोडणी कमी, तिच्यासाठी वेगळा वरणभात, कोपऱ्यात लिंबं. मग एक दिवस तो वास एकदम थांबायचा. मला शेजारी झोपायला पाठवायचे. परत आले की मागच्या खोलीचं दार लोटलेलं, आत वहिनी भिंतीकडं तोंड करून निजलेली आणि बाहेर माय गोधडी धुऊन वाळत घालत असलेली. पहिलं पाचव्या महिन्यात गेलं. दुसरं जन्मलं आणि एक दिवस राहिलं. मी त्याला पाहिलं नाही, पण त्या दिवशी इंजिन बंद ठेवलं होतं एवढं आठवतं, कारण मळ्यात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. तिसरं चौथ्या महिन्यात, मी ज्या वर्षाचं सांगतेय त्या वर्षीच्या पोळ्याला. बैलांना सजवून उभं केलेलं आणि दादा गोंड्याची दोरी हातात घेऊन नुसता उभा. या सगळ्याबद्दल आमच्या घरात एक वाक्यही कुणी बोललं नाही. पंधरा दिवसांनी वहिनी उठायची, हौदावर यायची, मेथी धुवायची. तिचं गुणगुणणं मात्र दर वेळी थोडं उशिरा सुरू व्हायचं.

पोळ्यानंतरच्या एका सकाळी मी हौदाच्या पलीकडं बसून झेंडूची देठं खुडत होते. या बाजूला माय आणि वहिनी जुड्या धुवत होत्या. आमच्याकडं सुना सासूला मामी म्हणत. वहिनी पाण्याकडंच पाहत म्हणाली,

“मामी, दवाखान्यातली डाक्टरीन बाई म्हनत होती, तीन वर्सं आंगाले आराम पायजे. नाईतर जिवावर येईन म्हने. तांबी बसवून घे, घरच्या बाईले संग घेऊन ये म्हने.”

तांबी म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून बसवतात ती, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला वाटलं, तांब्याचा एखादा ताईत असेल.

“तिचं काय जाते सांगाले?” माय म्हणाली. “तीन वर्सांत दुनिया इकडची तिकडं होते. कोजागिरी झाली का अकोटले जाऊ. तठी एक वैद्य हाये, त्याच्या औषधानं कितीक बायायले गुन आला.”

“मले थांबाचं हाये, मामी.”

“थांबून काय करशीन?”

“काईच नाई. नुसती थांबीन. मले एकदा पाऊस सुरू झाल्यापासून सरेपर्यंत उभ्यानं पाह्याचा हाये.”

मायनं जुडी जोरात झटकली. पाण्याचे थेंब माझ्यापर्यंत उडाले. ती एवढंच म्हणाली, “सुधाकरले इचार.” वहिनी म्हणाली, त्यांना विचारलं होतं, ते म्हणतात माय म्हणेल तसं. मी देठं खुडत राहिले. इतकं मात्र मला कळलं, की वहिनीला थांबायचं आहे आणि ते मायच्या एका ‘हो’वर अडलं आहे. आणि कोजागिरीला महिना उरला होता.

त्याच दिवशी दुपारी मायनं मला बोलावून घेतलं. हातावर गुळाचा खडा ठेवला. “शांते, औंदा गान्यात कोनत्याबी घरी म्हनसान, नाव तुह्या वयनीचंच घेजो. पोरीच्या तोंडचं देव लवकर आयकते.” मी खूश. मला वाटलं वहिनीसाठी मी काही तरी करणार. हौदावरचं बोलणं ऐकूनही मला हे सुचलं नाही की मायला हवं ते आणि वहिनीला हवं ते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बारा-तेरा वर्षांच्या पोरीला घर एकच वाटतं. मग महिनाभर, रोज, सात-आठ घरी, मी गळ्याच्या शिरा ताणून म्हणत राहिले: ‘सुलूबाईले चौथा महिना, चौथ्या महिन्याले काय गं हवं?’ आणि पंधरा पोरी ओरडायच्या, माहेरची गाडी. आमच्या अंगणात म्हणायचो तेव्हा वहिनी समोर दिवा घेऊन उभी असायची. तिचा चेहरा दिव्याच्या वर असायचा, त्यामुळं फक्त हनुवटी उजळलेली दिसायची. मला ती हसतेय असंच वाटायचं. त्या महिन्यातल्या संध्याकाळी माझ्या मनात अजून एकमेकींत मिसळून पडल्या आहेत. ओल्या मातीचा वास, पणत्यांचा धूर, कुणाच्या तरी घरचे गरम गिलावडे, दसऱ्याला कापून राहिलेला झेंडू, आणि मधे माझा स्वतःचा तो कर्कश आनंदी आवाज. आता आठवलं की मला माझं तोंड दाबून धरावंसं वाटतं.

शेवटच्या दिवशीचा मान आमच्या घराचा होता. कोजागिरीचं दूध म्हणून बायाही जमल्या होत्या. अजून पुरता अंधार पडला नव्हता. आभाळ सीताफळाच्या गरासारखं फिकट होतं आणि हौदात ते तसंच उतरलं होतं. अंगणातल्या चुलीवर माय दूध आटवत होती. पाच धांड्यांची खोपडी उभी केली होती, तिच्याखाली भुलाबाई बाळ घेऊन बसली होती. आम्ही गाणं सुरू केलं आणि मी नाव घ्यायला तोंड उघडणार, एवढ्यात वहिनी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “आज मी म्हनतो.” आमच्याकडं बायाही बोलताना असंच म्हणतात, करतो, जातो. तिनं गाणं घेतलं. आवाज अगदी हळू, जणू कुणाला निजवायचं आहे. पयल्या महिन्याले काय गं हवं? कोवळी काकडी. दुसऱ्याला, तिसऱ्याला, आम्ही नेहमीसारख्या ओरडलो. मग तिनं विचारलं, ‘सुलूबाईले चौथा महिना, चौथ्या महिन्याले काय गं हवं?’ आणि आमच्याकडं असं पाहिलं की आमच्या टाळ्या अर्ध्यावर थांबल्या. एक सगळ्यांत लहान पोरगी होती, शेंबडी, तिनं सवयीनं एकटीनंच ‘माहेरची गाडी’ म्हटलं आणि घाबरून आईच्या लुगड्यात शिरली. पाचवा महिना आलाच नाही. वहिनी आत गेली आणि पितळी डबा घेऊन बाहेर आली.

“ओयख, शांता.”

मी डबा कानाशी धरून हलवला. काही नाही. जोरात हलवला. काही नाही. माझ्या कानांत माझंच रक्त वाजत होतं, डबा गप्प. मुरमुरे नाहीत, दाणे नाहीत, फोडी नाहीत. झाकणाशी नाक नेलं तर लवंगेचा बारीक वास आला. मी म्हटलं, विडा. वहिनीनं मान हलवली. लाडू, वडी, साखर, पोरी तोंडाला येईल ते म्हणत होत्या.

“गोड का तिखट?” मी विचारलं.

“चव घ्याले भेटली नाई.”

“ओलं का कोरडं?”

“आता कोरडं.”

मला रडू येत होतं, हरल्याचं. खरंच, त्या क्षणी मला फक्त हरल्याचं वाईट वाटत होतं. मी ‘हरलो’ म्हणाले. वहिनी झाकणाला हात घालणार, तेवढ्यात माय चुलीवरून उठली, पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, “आन इकडं.” ती खाली बसली, डबा मांडीवर घेतला. हलवला नाही. दोन्ही तळवे झाकणावर ठेवून थोडा वेळ तशीच बसली, ताप पाहायला कपाळावर हात ठेवतात तसे.

“टोपडं,” ती म्हणाली.

“किती?” वहिनीनं विचारलं.

“तीन.”

झाकण मायनंच काढलं. एका फटक्यात निघालं, कसं कोण जाणे. आत तीन टोपडी होती, तान्ह्या बाळाची, लवंगा घालून जपून घडी केलेली. एक लाल खणाचं, एक हिरवं, एक पिवळं. काठाला बारीक कलाबूत आणि हनुवटीखाली बांधायच्या नाड्यांना इवलेसे गोंडे. मी त्यांतलं एक उचललं तर ते माझ्या मुठीवरही नीट बसेना. आमच्याकडं बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी कपडा शिवत नाहीत, अशुभ मानतात. अकोल्याला माहेरी गेली की वहिनी लपून शिवायची. सगळ्यांसमोर ते दाखवणं म्हणजे काय होतं ते माझ्यापेक्षा तिथल्या प्रत्येक बाईला जास्त कळलं असणार. शेजारची एक काकू म्हणालीच, “आधीच शिवले होते का वं? मंग म्हनूनच तर...”

“म्हनूनच काय?” माय इतक्या जोरात म्हणाली की चुलीजवळचं मांजर पळालं. मग तिचा आवाज खाली आला. ती कुणाकडंच पाहत नव्हती, भुलाबाईच्या मांडीवरच्या मातीच्या बाळाकडं पाहत होती. “माहे चार होते. सुधाकर अन शांताच्या मधात. म्याबी शिवून ठेवले होते. चुलीत घातले मंग, कोनाले दिसू नाई म्हनून.”

मागं दूध उतू जात होतं. चर्र आवाज झाला, जळकट गोड वास सुटला, पण उठून कुणी गेलं नाही. दादा ओसरीच्या खांबाला धरून उभा होता. माझ्या डोक्यात फक्त बारा आकडा फिरत होता. ज्या अंतरावर मी हसत आले होते त्यात चार जण होते. वहिनी खाली बसली आणि तिनं मायच्या मांडीवर, डब्याच्या शेजारी, डोकं ठेवलं. मायनं तिच्या केसांवरून हात फिरवला नाही, थोपटलंही नाही. तसं आमच्याकडं कुणाला जमत नसे. तिनं फक्त डबा थोडा सरकवून तिच्या डोक्याला जागा केली. त्या दिवशी आमच्या घरी खिरापत म्हणून पोरींना करपलेलं दूध मिळालं आणि कुणीही कुरकुर केली नाही.

दुसऱ्या दिवशी मी हौदावर वहिनीजवळ जाऊन बसले. शेवटी म्हटलं, “वयनी, म्या रोज तुहं नाव घेतलं.” ती मेथी धुवत राहिली. मग म्हणाली, “मले मालूम हाये, चांगल्यासाठीच घेत होती. चौथ्या महिन्यापाशी मी मनातल्या मनात कान बंद करत होती. पन बाप्पा, तुहा आवाज!” आणि ती हसली. मी मात्र रडले, आणि रडता रडता दहा-बारा जुड्या उलट्या रचून ठेवल्या. त्या सगळ्या परत काढाव्या लागल्या.

तिसऱ्या दिवशी आम्ही तिघी दवाखान्यात गेलो. माय ठेवणीतलं लुगडं नेसली होती, मी थैली धरली होती. बाकावर खूप वेळ बसलो. फिनेलचा वास, पंख्याची करकर, कुठं तरी आत रडणारं तान्हं बाळ. त्या आवाजासरशी वहिनीनं माझा हात पकडला आणि मायनं तिचा. नर्सबाईंनी चष्म्यावरून पाहून विचारलं, “घरचं कोन हाये संग?” माय उभी राहिली. भर बाजारात गिऱ्हाइकाशी भांडणारी माझी माय, तिचा आवाज इतका लहान झालेला मी पहिल्यांदाच ऐकला. “मी सासू तिची. तिले थांबाचं हाये,” ती म्हणाली. वहिनी आत गेली तेव्हा बाहेर माय पदराच्या टोकाला गाठ मारत होती आणि सोडत होती. चार गाठी. मी मोजल्या नव्हत्या, पण आता मला त्या चारच आठवतात, आणि तसं नसेल तर नसो.

त्या हिवाळ्यात वहिनीनं आणखी चार टोपडी शिवली. कुणाला न विचारता, दुपारी, उन्हात बसून, यावेळी उघड्यावर. चारही पांढऱ्या मलमलीची, कारण मायच्या वेळची टोपडी कशी होती हे तिला माहीत नव्हतं आणि विचारायची हिंमत नव्हती. एके दिवशी तिनं ती डब्यात ठेवली. तेव्हापासून डबा वहिनीच्या पेटीतून निघून देवाच्या फळीवर गेला, आणि दर गुरुवारी माय तो चिंचेनं घासायची. पुढच्या पावसाळ्यात, मृगापासून अगदी परतीच्या सरींपर्यंत, वहिनी रोज थोडा वेळ अंगणाच्या टोकाला पोतं डोक्यावर घेऊन नुसती उभी राहायची. तिला कुणी काम सांगत नसे.

मी शिकले, चित्रकलेची मास्तरीण झाले, अकोल्याच्या शाळेत आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर काही मैत्रिणींबरोबर गावोगाव जाते, कधी अकोटकडं, कधी जीपनं हाडं खिळखिळी करत धारणीच्या बाजूला. आम्ही बायांना माती देतो, रंग देतो, आणि मधे तो पितळी डबा ठेवतो. तो आता माझ्याकडं असतो. मी ही गोष्ट सांगते आणि म्हणते, ज्या गोष्टीचा आवाज घरात कुणी ऐकला नाही ती यात ठेवा, घडवून किंवा चितारून. कुणाला नको असताना झालेलं, कुणाला हवं असताना गेलेलं, कुणाचं न विचारता केलेलं ऑपरेशन. मागं एका बाईनं काहीच ठेवलं नाही, नुसता हात आत घालून थोडा वेळ तसाच राहू दिला आणि काढून घेतला. तिला मी काही विचारलं नाही. पण गोष्ट संपली की प्रत्येक गावात, प्रत्येक वेळी, कुणी तरी एक प्रश्न विचारतंच: मग पुढं तिला लेकरू झालं का?

हे प्रकरण लिहून झाल्यावर मी ते घेऊन वहिनीकडं गेले. ती आता अकोल्यातच, जुन्या शहरात, माहेरच्या त्याच गल्लीत असते. डोळ्यांनी फारसं दिसत नाही, तरी मांडीवर सूप घेऊन हार ओवत होती. मी सगळं वाचून दाखवलं. टोपड्यांच्या रंगात माझी चूक झाली होती, ती तिनं सुधारली. करपलेल्या दुधाला हसली. मायच्या वाक्याशी तिची सुई थांबली आणि परत चालू झाली. मग मी शेवटची दोन पानं वाचली, ज्यांत पुढं काय झालं ते लिहिलं होतं.

“बाकी राहू दे,” वहिनी म्हणाली. “हे नोको.”

“काहून?”

“लोक तेवढंच वाचतीन, शांता. झालं असन तर म्हनतीन, बरं झालं थांबली. नसन झालं तर म्हनतीन, पाह्य, थांबली म्हनून. मी तर थांबाचं होतं म्हनून थांबली.”

तिनं गाठ मारली, दात लावून धागा तोडला आणि हार माझ्या हातात दिला. घरी आल्यावर मी ती दोन पानं काढून टाकली.